उजवीकडे कलणारं आसन

उमुएलेम
९ जानेवारी १९७६

अदा,

धाकट्याचा दंडवत. कादुनात सगळे बरे असतील, ओजिनाका दाजींचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान चालत असेल आणि माझी भाची ओझिओमा आता पुस्तक धडाधड वाचत असेल असं धरून चालतो. इकडे हार्माटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ इतकी आहे की वाटीत आधी धूळ दिसते, मग सूप.

मुख्य गोष्ट सांगतो. बाबांच्या उत्तरकार्याचा दिवस ठरला. ६ मार्च. भाऊबंद तीनदा बसले, तीनदा माझी ताडी संपवली आणि चौथ्यांदा एकमत झालं. दोन वर्षं बाबा तिकडे पूर्वजांच्या दाराशी ताटकळत उभे आहेत, या विचाराने मला घास गिळवत नाही. ओबीत, त्यांच्या बैठकीच्या घरात, त्यांचं पदवीचं आसन, गावचे मानकरी झाले तेव्हाचं, ते गेले त्या दिवसापासून कुशीवर आडवं पडलंय. त्या दिवशी ते उभं केलं की बाबा तिकडे आपल्या जागेवर बसतील आणि आपण सुटू.

तू घराची अदा, थोरली लेक. सगळ्या माहेरवाशिणींना गोळा करून तू आठवडाभर आधी यायला हवंस. तू नसलीस तर त्या बायका मला फाडून खातील हे तुला माहीत आहे. बकरी, यामचे कंद, बंदुकीची दारू, सगळं मी बघतो. तू फक्त ये आणि रड, तुला ते छान जमतं.

आणखी एक. नोव्हेंबरात एक लाल दाढीचा गोरा प्रोफेसर इथे येऊन गेला. माझी कामाची छपरी बघितली, मी कोरलेली दारं, आसनं बघितली. तासभर हातात पटाशी धरून बसला होता, लहान मूल खेळणं धरतं तसा. म्हणाला, या हातांचं नाव परदेशात व्हायला हवं. अदा, बावीस वर्षं मी लाकूड कोरतोय, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. बाबांच्या आसनाचेही त्याने फोटो काढले. फोटोच, घाबरू नकोस.

तुझा
ओनोचिए


कादुना
२५ जानेवारी १९७६

ओनोचिए,

दंडवत पोचला. तुझा दंडवत आला की मी सावध होते, कारण लहानपणी माझ्या वाटणीची मासळी खाल्लीस की तू आधी पाया पडायचास आणि मग सांगायचास. या वेळी काय खाल्लंस ते सांगून टाक.

थट्टा केली. रागावू नकोस. तारीख वाचली आणि मी अंगणात जाऊन बसले, बराच वेळ उठवेना. दाजी म्हणाले, अगं ही तर चांगली बातमी. चांगलीच आहे. पण बाबांना शेवटचा निरोप द्यायचा म्हणजे काय ते त्यांना कसं कळणार, त्यांचे वडील अजून ठणठणीत आहेत आणि रोज सुनेच्या सुपाला नावं ठेवतात.

मी २८ फेब्रुवारीला पोचते. ओझिओमालाही आणते. माहेरवाशिणींना मी पत्रं घातली आहेत. माझ्या पाठच्या न्काएचीला सांग, तिने सगळ्यांसाठी एकाच रंगाचं कापड घ्यावं आणि या वेळी तरी स्वतःसाठी वेगळं घेऊ नये.

आता आसनाचं. त्या गोऱ्याला तू ओबीत घेतलंसच का? छपरीत तुझी दहा आसनं पडली असतील, ती दाखवायची. आणि ऐक, बाबांच्या आसनाला तेल लावू नकोस, घासूनपुसून चकाचक करू नकोस. तुझे हात शिवशिवतात हे मला माहीत आहे. म्हाताऱ्या इलोएकाने ते एका ओंडक्यातून काढलं आणि बाबा त्यावर तीस वर्षं बसले. आहे तसं राहू दे. काठावर तो चिलमीचा डाग आहे ना, तोसुद्धा. मला ते तसंच बघायचंय.

तुझी बहीण
उगोये


उमुएलेम
८ फेब्रुवारी १९७६

अदा,

तू म्हणजे ना, दीडशे कोसांवरूनही कान उपटतेस. मी काही खाल्लेलं नाही.

तेल थोडं लागलं होतं, तुझं पत्र यायच्या आधीच. खालून उधईचा संशय आला म्हणून ते काही दिवस माझ्या छपरीत ठेवलं होतं. आता ओबीत परत आहे, कुशीवर, होतं त्याच जागी. डाग आहे. सहा पाय, त्यांवरची नागमोडी नक्षी, बुडाचं कडं, सगळं जागच्या जागी. तू बघशील तेव्हा म्हणशील, जसंच्या तसं.

उधई इथे फार झाली आहे. मी टणक इरोको लाकडाचा नवा ओंडका आणलाय, त्यालाही जपावं लागतं. एका मोठ्या माणसाला पदवीचं आसन हवंय, अगदी बाबांच्यासारखं. जीव ओतून केलंय. खरं सांगू? कुणाही म्हाताऱ्याने यावं आणि इलोएकाचं कुठलं नि माझं कुठलं ते ओळखून दाखवावं. लहानपणापासून ओबीत येणारा प्रत्येक पाहुणा त्या आसनाकडे बघून इलोएकाचं नाव काढायचा. मी शेजारी उभा असायचो, हातात माझं काम घेऊन. बाबासुद्धा म्हणायचे, तुझं चांगलं आहे, पण. त्या 'पण'च्या पुढे ते कधी गेले नाहीत.

असो. कापड निळं ठरलं. न्काएचीने स्वतःसाठी वेगळं घेतलंच.

लवकर ये.
ओनोचिए


कादुना
२० मार्च १९७६

ओनोचिए,

मी न जेवता निघाले म्हणून तू भाऊबंदांसमोर अपमान करून घेतल्यासारखा चेहरा केलास, असं न्काएचीने लिहिलंय. थोरली लेक उत्तरकार्याचं ताट सोडून जाते म्हणजे घरात काहीतरी कुजलंय, हे सगळ्या गावाला कळतं. कळू दे. त्या क्षणी घास माझ्या तोंडात गेला असता तर तो मी तुझ्या तोंडावर थुंकून टाकला असता.

काय झालं ते सांगते. दुपारी मानकऱ्यांतल्या सगळ्यांत वडील, म्हाताऱ्या न्वेझेने आणि इतर पदवीधर मानकऱ्यांनी आसन उभं केलं, बाबांची लाल टोपी त्यावर ठेवली, बाबांना नावाने हाक मारली आणि सगळे बंदुका उडवायला अंगणात गेले. ओबीत आम्ही बायका होतो. मला पाण्याचा वाडगा आसनापुढे ठेवायचा होता. मी वाकले. आणि वाकताना, कुणाचं लक्ष नाही बघून, मी तळहात आसनाच्या उजव्या काठावर टेकवला. निरोप घ्यायला, दुसरं काही मनात नव्हतं. बाबांचं आसन उजवीकडे कलायचं. थोडंसंच, नखभर. त्यांचा डावा खुबा दुखायचा म्हणून ते तीस वर्षं उजवीकडे रेलून बसले आणि बुडाचं कडं त्या बाजूला झिजलं. हात ठेवला की ते कलणार आणि मला वाटणार, बाबांनी हुंकार दिला. तेवढ्यासाठी मी दोन वर्षं थांबले होते.

ते हललं नाही. दगडासारखं उभं राहिलं.

मी पुन्हा दाबलं. मग दोन्ही हातांनी. डाग होता, नक्षी होती, सहाव्या पायावरची ती बारीक चीरसुद्धा होती. सगळं होतं, फक्त माझे बाबा नव्हते.

बाहेर बंदुका वाजत होत्या आणि तू सगळ्यांना ताडी वाढत होतास. मी तुला एकच विचारते. ते आसन कुठे आहे?

उगोये


उमुएलेम
४ एप्रिल १९७६

अदा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वाटलं, हे दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय. बापाच्या कार्याचा शीण तुझ्या डोक्यात गेलाय. ओबीची जमीन आपण सारवून घेतली होती, सपाट झाली असेल, म्हणून हललं नाही. शिवाय उधईने खाल्लेली कड मी तासून सारखी केली होती. खोट दिसली की माझा हात थांबत नाही, हे तूच म्हणतेस. झालं समाधान?

आता तू माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. पदवीच्या आसनावर पदवीधरच बसतो. मी त्याचा मुलगा, कारागीर, मीसुद्धा त्यावर बूड टेकवलेलं नाही. बाईने त्याला स्पर्शही करायचा नाही. मग ते बसल्यावर कुठे कलतं, किती कलतं, हे तुला कसं ठाऊक? कुणी सांगितलं? बाबा तर असल्या गोष्टी बोलणारे नव्हते.

तू हात लावलास हे तू स्वतःच्या हाताने लिहून दिलंयस. हे पत्र मी न्वेझेंपुढे ठेवलं तर काय होईल ते तुला सांगायला नको. अदाचा मान जाईल. माहेरवाशिणी तुला आपल्यात बसू देणार नाहीत. मी तसं करणार नाही, मी तुझा भाऊ आहे. पण तूही बहिणीसारखी वाग आणि ही गोष्ट इथेच मिटव.

दाजींना नमस्कार.

ओनोचिए


कादुना
२५ एप्रिल १९७६

ओनोचिए,

तू मला धमकी दिलीस. मी तुला पाठीवर बांधून पाण्याला न्यायची आणि तू माझ्या मानेवर ओकायचास, तो तू. बरं झालं, निदान आता मला आडपडद्याने लिहायला नको.

मला कसं ठाऊक ते ऐक.

अडुसष्ट साल, युद्ध पेटलेलं. तू आघाडीवर होतास. सैन्य गावात शिरणार अशी बोंब झाली आणि सगळे रानात पळाले. दाजी कुठे होते देव जाणे. मला नववा महिना. बाबांनी घरातून एकच वस्तू उचलली, ते आसन, खांद्यावर. मी त्यांच्यावर ओरडले की याम घ्या, भांडं घ्या, लाकूड काय खायचंय? ते चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कळा सुरू झाल्या. बरोबरच्या बायका पुढे निघून गेल्या होत्या. त्या रानात लाल मुंग्यांची रांग फिरत होती, पायाखाली जमीन दिसत नव्हती. झाडाला धरून उभी राहिले तर पायांवर चढत होत्या, बसायची सोय नव्हती. बाबांनी आसन खाली ठेवलं, आजूबाजूला राख टाकली आणि म्हणाले, "बस."

मी म्हटलं, "बाबा, हे पदवीचं आहे. मला कसं चालेल?"

ते म्हणाले, "पदवी मी एकदा घेतली. आज तू घेते आहेस. बस, उगोये."

मी बसले. प्रत्येक कळेला ते उजवीकडे कलायचं आणि मी पडायला व्हायची. तेव्हा बाबा गुडघ्यावर बसले, मान फिरवून, आणि त्यांनी आपला तळहात त्या झिजलेल्या कडेखाली घातला. दुपारपर्यंत. माझं सगळं ओझं त्यांच्या बोटांवर. त्यांची करंगळी शेवटपर्यंत वाकडी होती ना? तुला सांगितलं होतं, लॉरीच्या दारात सापडली. लॉरी नव्हती रे. मी होते.

ओझिओमा त्या आसनावर जन्मली. ज्या भाचीसाठी तू बाहुली कोरून पाठवलीस, ती. बाबांनी आसन ओढ्यात धुतलं आणि म्हणाले, हे तुझ्यामाझ्यात. मी कुणाला सांगितलं नाही. दाजींनाही नाही.

या जगात त्या आसनावर दोनच माणसं बसली आणि त्यातलं एक मी आहे. तू मला सारवणाची गोष्ट सांगतोस?

ऑगस्टच्या सभेला सगळ्या माहेरवाशिणी गावात येतील, भाऊबंदही असतील. तोपर्यंत मला खरं लिही. नाही लिहिलंस तर मी उभी राहून बोलणार. माझं पत्र तू न्वेझेंना दाखवायची तसदी घेऊ नकोस. मीच सांगेन.

उगोये


उमुएलेम
२० जून १९७६

अदा,

सहा वेळा लिहायला बसलो. हे सातवं.

ते परदेशात आहे. त्या प्रोफेसरकडे. डिसेंबरातच गेलं, तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधी. ओबीत आडवं पडलेलं, ज्याला बघून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं असं मी सगळ्यांना सांगत होतो, ते माझंच होतं. विकलं नाही, बाबांची शपथ. एक पैसा घेतला नाही. तो म्हणाला, मोठं प्रदर्शन आहे, तुझी तीन आसनं मांडतो, खाली तुझं नाव, गावाचं नाव. पण शेजारी एक जुनं हवं, लोकांना कळायला की ही परंपरा कुठून आली. वर्षाने परत करतो म्हणाला. शब्द दिला. मी महिनाभरात हुबेहूब दुसरं केलं. आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम तेच, अदा. ते कडेचं झिजणं मला दिसलं होतं. मापाची दोरी लावली तेव्हाच दिसलं. पण वाकडं कोरायला हात तयार होईना. वाटलं, आडव्या आसनाचं बूड कोण बघतंय.

गेल्या आठवड्यात प्रदर्शनाचं पुस्तक आलं. माझी तीन आसनं त्यात नाहीत. एकही नाही. बाबांचं आहे, पानभर फोटो, काचेच्या पेटीत. खाली छापलंय, कारागीर अज्ञात. इलोएकाचंही नाव नाही. मी लिहिलेल्या दोन पत्रांना उत्तर नाही. ज्या पत्त्यावर लिहिलं तिथून पाकीट परत आलं.

मला रागाव, मार, पण सभेत बोलू नकोस. नियम तुला ठाऊक आहे. आसन विटाळलं तर नवं करून पुन्हा बसवता येतं. हातून गेलं, परक्याला दिलं, तर त्या जागी दुसरं ठेवता येत नाही, ते परत येईपर्यंत गेलेला माणूस तिकडे दाराशी उभा. ते कधी परत येणार? बाबा कायमचे उभे राहतील. आणि मला कुणी पुन्हा पटाशी धरू देणार नाही. मला दुसरं काय येतं?

तू लहानपणी मला नेहमी सांभाळून घेतलंस. एवढ्या वेळी घे.

तुझा
ओनोचिए


उमुएलेम
३० ऑगस्ट १९७६

अदा,

तू सभेहून तशीच निघून गेलीस, मला दोन शब्द बोलू दिले नाहीस. म्हणून लिहितो.

तू उभी राहिलीस तेव्हा मी फाटकाकडे बघितलं. वाटलं, संपलं. आणि तू फक्त आपलंच सांगितलंस. रान, मुंग्या, ओझिओमा. मी बाबांच्या आसनावर बसले, बाळंत झाले, म्हणून ते विटाळलं, एवढंच. माझ्याबद्दल अवाक्षर नाही. बायका तोंडावर हात घेऊन बसल्या होत्या. न्वेझेंनी तीनदा विचारलं, आणखी कुणाला काही सांगायचं आहे का, आणि मी जमिनीकडे बघत राहिलो. बोलणार होतो, शप्पथ. घसा कोरडा पडला.

तुला फाटकाबाहेर उभं केल्यावर आत काय झालं ते तुला कळायला हवं. आसन बाहेर काढलं. माडाच्या वाळक्या झावळ्या रचल्या. इरोको काही पेट घेईना, नुसता धूर. मग न्वेझे म्हणाले, फोडा. आणि कुऱ्हाड माझ्या हातात दिली. कारागिराच्या हातानेच फुटलं पाहिजे म्हणाले. अदा, माझं सगळ्यात चांगलं काम मी माझ्या हाताने फोडलं. त्यावर कधी कुणी बसलं नव्हतं, ते स्वच्छ होतं, एक शब्द बोललो असतो तर वाचलं असतं. पाचव्या घावाला दुभंगलं. आतलं लाकूड पिवळं निघालं, ताजं. न्वेझेंनी एक ढलपी उचलली, नाकाशी नेली. मग माझ्याकडे बघितलं. ढलपी विस्तवात टाकली आणि म्हणाले, "नवं तूच कर. या वेळी नीट कर."

नोव्हेंबरात पुन्हा बसवायचं ठरलंय. बाबांना जागा मिळणार. तुझी शुद्धीची बकरी मी दिली आहे, तू काळजी करू नकोस. तीन वर्षं ओबीत यायची बंदी फार वाटते, पण जाईल निघून. तू मला वाचवलंस. हे मी जन्मभर विसरणार नाही.

तुझा
ओनोचिए


कादुना
१४ सप्टेंबर १९७६

ओनोचिए,

मला अदा म्हणू नकोस. तो मान आता न्काएचीकडे आहे, तिला म्हण. तिने त्या दिवशी माझ्या हातांवर शुद्धीचं पाणी ओतलं तेव्हा माझी नजर टाळली आणि मला तिचा राग आला नाही. राग कुणाचा आला ते तुला ठाऊक आहे.

मी तुला वाचवलेलं नाही. तुझ्या डोक्यातून हे आधी काढ. नियम तूच मला पत्रात लिहून दिलास, विटाळलेलं बदलता येतं, गेलेलं नाही. मी बाबांना जागा मिळवून दिली, आणि त्यासाठी माझ्याकडे देण्यासारखं जे होतं ते दिलं. तुझं नाव मी घेतलं नाही, कारण ते तू घ्यायचं होतंस. तीनदा विचारलं त्यांनी. मी मोजत होते. पहिल्यांदा वाटलं, आता उठेल. दुसऱ्यांदा वाटलं, लाजतोय, उठेल. तिसऱ्यांदा मी तुझ्याकडे बघितलं तर तू अंगठ्याने माती उकरत होतास. दीड हजार माणसांसमोर माझ्या बाळंतपणाची चिरफाड झाली. दाजींचे वडील आता माझ्या हातचं सूप घेत नाहीत, नावंसुद्धा ठेवत नाहीत. ओझिओमाला शाळेत कुणीतरी विचारलं, तू लाकडावर जन्मलीस का? आणि तू मला लिहितोस, घसा कोरडा पडला.

आसन दिलंस त्याने मी एकदा मेले. तू हावरा होतास, नावाचा हावरा, ते मी कधीतरी समजू शकले असते. बाबांचा तो 'पण' मलाही ऐकू यायचा. त्या गोऱ्याने तुला फसवलं, त्याबद्दल मी तुझी कीव केली असती. पण त्याने तुला जे केलं तेच तू बसल्या जागी मला केलंस. पुस्तकात तुझं नाव नाही म्हणून तू रडलास. सभेतही तू तुझं नाव घेतलं नाहीस.

बकरी तू दिलीस म्हणे. ती परत घे. दाजी पुढच्या महिन्यात माझी घेऊन येतील. माझ्या विटाळाची बकरी तरी माझी असू दे.

नोव्हेंबरात मी येणार नाही. फाटकाबाहेर उभं राहायला मला चालेल, पण आत तू उभा असशील.

एकच काम सांगते, आणि हे बहीण म्हणून नाही, त्या आसनावर बसलेली म्हणून सांगते. नवं आसन पूर्ण झालं, घासून झालं, तुला स्वतःचा अभिमान वाटायला लागला, की त्याला उलटं कर. बुडाच्या कड्याची उजवी बाजू नखभर तास. तुझा हात नाही म्हणेल. तरी तास. खोट राहू दे. बाबा तिकडे टेकतील तेव्हा ते उजवीकडे कलायला हवं, नाहीतर त्यांना कळणार नाही की आपलंच आहे, आणि ते म्हातारे संकोचाने उठून पुन्हा दाराशी जाऊन उभे राहतील.

मग सरळ ठेव आणि काठावर तळहात दाबून बघ. हललं तर एका ओळीत कळव. बाकी काही लिहू नकोस. मी वाचणार नाही.

उगोये


उमुएलेम
१२ नोव्हेंबर १९७६

उगोये,

हललं.

ओनोचिए